बेहाल्याची कालीपूजा

आपल्याकडे ज्या अमावास्येला लक्ष्मीपूजन होते, त्याच रात्री बंगालमध्ये कालीपूजा असते. कोलकात्याच्या बेहाला भागात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबाला तिची चिंता वाटते ती आमच्या मोत्यामुळे. कुत्र्याचे कान आपल्याहून फार तीक्ष्ण. फटाक्याचा दणका त्याला असह्य होतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ नेमून दिली. म्हणून आम्ही दिवेलागणीपूर्वीच मोत्याला फिरवून आणतो, खिडक्या लावतो, रेडिओ सुरू ठेवतो आणि कोणीतरी त्याच्याजवळ बसतो. शेजारच्या काकीमा आता मुलांना फुलबाज्याच देतात. परमुलुखात याहून मोठी आपुलकी कोणती? आपणही फटाका पेटविण्यापूर्वी शेजारच्या मुक्या जिवाची आठवण ठेवावी.