साडेनऊ रुपयांची काटकसर

अंगणवाडीतून गरोदर बाईला मिळणाऱ्या पूरक आहाराचा दर केंद्र सरकारने 2017 मध्ये ठरवला: दिवसाला साडेनऊ रुपये. त्यात 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने बसवायची. बाजारात एक अंडे सहा-सात रुपयांना पडते. उरलेल्या अडीच-साडेतीन रुपयांत डाळ, तेल आणि सरपण कसे भागवायचे, हे दर ठरवणाऱ्यांनीच एकदा चूल पेटवून दाखवावे!

महाराष्ट्राने आदिवासी भागात याहून जास्त शहाणपणा दाखवला, हे मान्य करायला हवे. 2015 च्या अमृत आहार योजनेत बाई अंगणवाडीत येऊन गरम जेवते: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळे. घरी नेलेले पाकीट सगळ्या घरात वाटले जाते. पानात वाढलेले तिच्याच पोटात जाते. सुरुवातीला एका ताटाला 22 रुपये होते, पुढे 35 झाले. पण शेजारच्या बिगरआदिवासी तालुक्यातल्या मजूर बाईला हे ताट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) राज्यातल्या 45.7 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या काय सगळ्या आदिवासी पाड्यांवरच्या होत्या?

शिवाय ही योजना सुरू झाली तेव्हा ताट मिळे ते शेवटच्या तिमाहीत. इथेच पैसा कमी फळतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून काही वर्षे एक मोठा प्रयोग झाला. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला समोशासारखा पदार्थ दिला, दुसऱ्याला बटाटा-कांद्याचा. सरसकट पाहता बाळांच्या वजनात फरक पडला नाही. मात्र दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून पालेभाजीवाला पदार्थ मिळालेल्या बायकांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरली. पालेभाजीवाल्या सबंध गटात गरोदरपणातला मधुमेहही 12.4 ऐवजी 7.3 टक्केच निघाला. म्हणजे लग्न झालेल्या मुलीला दिवस जाण्याआधीच चांगले खायला मिळाले पाहिजे.

तिजोरीला परवडत नाही, हे ठरलेले उत्तर. जागतिक बँकेचा 2024 चा हिशेब सांगतो, की कुपोषणाविरुद्ध घातलेल्या एका डॉलरमागे 23 डॉलर परत येतात. इतका परतावा देणारा रस्ता किंवा पूल कोणी दाखवावा.

आहाराचा दर दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. गरम ताट राज्यभर द्या, पहिल्या महिन्यापासून द्या. अंगणवाडी सेविकेला वाण्याकडे उधारी करावी लागू नये, म्हणून पैसे आगाऊ पाठवा. येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडा, आणि आपल्या अंगणवाडीत शेवटचा हप्ता कधी आला, ते तिथेच विचारा.