खड्ड्याची किंमत कोणी मोजावयाची?

मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने एक प्रश्न महाराष्ट्रापुरता सोडविला आणि दुसरा तसाच ठेवला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या मानाने ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा आदेश न्या. रेवती मोहिते-डेरे व न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने दिला. दावा आल्यावर ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यावयाची, विलंब झाल्यास ९ टक्के व्याज सोसावयाचे, आणि पुढे ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून व ठेकेदारांकडून वसूल करावयाची. ज्या जनहित याचिकेवर हा निर्णय झाला ती न्यायालयाने २०१३ साली स्वतःहून दाखल करून घेतली होती. एवढ्या अवधीत रस्ते किती वेळा झाले आणि किती वेळा उखडले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या गावापुरता करावा.

परंतु माणूस सुखरूप राहिला आणि वाहन मोडले तर? या आदेशात त्याची तरतूद नाही. वस्तुतः नित्याचे नुकसान हेच आहे. वाकलेली रिम, फुटलेला टायर, निकामी झालेला शॉक ॲब्सॉर्बर, यांचे बिल दरमहा कोणा शिक्षकाच्या, लिपिकाच्या वा विद्यार्थ्याच्या वडिलांच्या खिशातून निमूटपणे जाते. विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा घेणाऱ्यास या बाबतीत एक पैसाही मिळत नाही, आणि दुचाकीवाल्यांपैकी कित्येक याच वर्गातले असतात. ज्याने पूर्ण विमा घेतला त्याचाही निव्वळ टायर फुटला तर सर्वसाधारण पॉलिसीत भरपाई नाही. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. म्हणजे खड्डा एकाचा आणि दंड दुसऱ्यास.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. रस्ता निकृष्ट करणाऱ्याची बचत होते, त्या बचतीची किंमत मात्र त्या व्यवहारात कोठेही नसलेला माणूस मोजतो. हे नुकसान हजारो खिशांत थोडे थोडे विभागलेले असल्यामुळे कोणाही एकाला न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. दोन हजारांच्या रिमसाठी वकिलाला पाच हजार कोण देईल? व्यवस्थेचे सारे स्वास्थ्य या साध्या गणितावर उभे आहे.

नगरपालिकेने भरपाई दिली तर ती करदात्यांच्याच पैशांतून जाईल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच जबाबदारांकडून वसुलीची अट मोलाची आहे. रस्त्याच्या करारात काही वर्षे दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर असते. त्या मुदतीत पडलेल्या खड्ड्याचे बिल त्याच्या अनामत रकमेतून वळते झाले, तर डांबराचा थर किती जाड असावा हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही.

इंग्लंडमध्ये रस्ता न दुरुस्त केल्याबद्दल रस्ता-प्राधिकरणास जबाबदार धरता येत नाही, हा नियम १७८८ च्या एका निकालापासून चालत आला होता. तो १९६१ च्या कायद्याने रद्द झाला. आज तेथे टायर फुटलेला मोटारमालक कौन्सिलकडे सरळ अर्ज करतो. रस्त्याची वाजवी काळजी घेतल्याचे दाखवून देण्याचा भार मग कौन्सिलवर पडतो. न्यूयॉर्क शहराने उलट वाट धरली. खड्ड्याची लेखी सूचना आधी मिळाली असेल तरच शहर जबाबदार, असा नियम त्याने १९७९ साली केला. तेव्हा तेथील वकिलांनी १९८२ मध्ये एक संस्थाच काढली, शहरभरचे खड्डे नकाशावर टिपले आणि ते नकाशे सूचना म्हणून शहराच्या हवाली केले!

आपल्याकडे पहिली अडचण खड्डा कोणाचा हीच. अहिल्यानगर शहरात (कागदोपत्री नाव बदलले तरी तोंडी ‘नगर’च आहे) केडगावहून भिंगारकडे जाणारा माणूस महापालिका, महामार्ग आणि छावणी परिषद अशा निरनिराळ्या धन्यांच्या हद्दी ओलांडतो. नगर-मनमाड रस्त्याची रखडकथा तर जिल्ह्यात सर्वांना पाठ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जिल्ह्यातील महामार्गांच्या कामांसाठी तत्कालीन आमदार नीलेश लंके यांना जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणास बसावे लागले. लोकप्रतिनिधीला जेथे उपाशी राहावे लागते तेथे मोडक्या स्कूटरच्या मालकाला कोण विचारणार?

तरीही कायदा अगदीच मुका नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ ने रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. वाहनाच्या नुकसानीसाठी प्रभाग कार्यालयात एकपानी अर्ज ठेवावा, त्याला खड्ड्याचे छायाचित्र आणि दुरुस्तीचे बिल जोडावे, ठराविक मर्यादेपर्यंतची रक्कम आयुक्तांनी वकिलाविना मंजूर करावी, आणि मंजूर दाव्यांची यादी रस्त्याच्या व ठेकेदाराच्या नावानिशी दर तिमाहीस कार्यालयाबाहेर लावावी. यास नवा कायदा लागणार नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव पुरेल.

तोपर्यंत ज्याला दावा करावयाचा असेल त्याने कलम ४८७ ध्यानात ठेवावे. महापालिकेवर दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. नोटिशीच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.