विश्लेषण : झाडे वाढली, इमारती आल्या, पुण्याचे जुने गोल्फ मैदान कसे बदलते?

विमानतळावरून पुण्यात येताना येरवड्याजवळ इमारतींची रांग अचानक तुटते आणि कुंपणापलीकडे झाडांचा मोठा पट्टा दिसतो. हे पूना क्लबचे १८ होलचे गोल्फ मैदान. शेजारचा चौक आणि उड्डाणपूल त्याच्याच नावाने ओळखले जातात, पण आत पाऊल टाकलेले पुणेकर थोडेच. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत रुजलेला हा खेळ आता शहराच्या मधोमध आला आहे. या बदलाचा खेळावर, झाडांवर आणि शेजाऱ्यांवर काय परिणाम होतो?

गोल्फ येरवड्यात कसे पोहोचले?

पुण्यातील लष्करी छावणीबरोबर इंग्रजांचे क्लब आणि खेळही आले. पूना क्लबची स्थापना १८८६ची. त्या काळी मुळा-मुठेपलीकडचे येरवडा हे शहराचे टोक होते. १८७१चे कारागृह आणि १८९२चा आगाखान पॅलेस याच भागातले. १९०१ मध्ये शहर आणि छावणी मिळून लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ती ३१ लाखांवर गेली. मधल्या काळात लोहगावचा हवाई तळ, येरवड्याच्या वस्त्या, कल्याणीनगर, विमाननगर आणि आयटी कंपन्यांची कार्यालये आली. मैदान जागेवरच राहिले, शहर त्याच्याभोवती वाढले.

झाडे वाढल्याने खेळ का बदलतो?

गोल्फचे मैदान आखताना चेंडूचा मार्ग, वारा आणि उतार यांचा विचार होतो. दोन होलमध्ये आडोसा म्हणून लावलेले रोप ४० वर्षांनी मोठा वृक्ष होते. फांद्या पसरतात आणि चेंडूची वाट अरुंद होते. जो फटका पूर्वी सरळ मारता येत होता, तो वळवून मारावा लागतो.

दुसरा परिणाम गवतावर होतो. उष्ण प्रदेशातील मैदानांवर प्रामुख्याने बर्म्युडा जातीचे गवत असते. हे आपल्या हरळीचेच भावंड. त्याला भरपूर ऊन लागते. सावलीत ते विरळ होते, ओल टिकते आणि बुरशी येते. शिवाय झाडाची मुळे पाणी आणि खत ओढून घेतात.

अमेरिकेतील ओकमाँट हे याचे गाजलेले उदाहरण. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या क्लबचे मैदान मुळात उघडे होते. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे हजारो झाडे लावली गेली. १९९०च्या दशकात क्लबने मूळ रूप परत आणण्यासाठी ती तोडायला सुरुवात केली. सभासद चिडू नयेत म्हणून सुरुवातीला हे काम पहाटे गुपचूप चाले.

पुण्यात असे करता येईल का?

सहजासहजी नाही. ओकमाँटभोवती पुण्यासारखे तापलेले शहर नाही आणि इथे कायदाही आड येतो. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरी भागात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग जागा खासगी असली तरी. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड ‘हेरिटेज’ मानले जाते. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावणे अपेक्षित आहे. म्हणजे ६० वर्षांच्या एका झाडाबदल्यात ६० रोपे. ती त्याच मैदानात लावली, तर सावलीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

घरे जवळ आल्याने काय होते?

गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण व्यावसायिक खेळाडूच्या फटक्यानंतर त्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो. कुंपणाबाहेर माळ असेल तर चुकलेला फटका म्हणजे हरवलेला चेंडू. बाहेर रस्ता आणि बाल्कनी असेल तर तो अपघात ठरू शकतो. इंग्लंडमध्ये रस्त्यालगतच्या होलवरून आलेल्या चेंडूने एका टॅक्सीचालकाचा डोळा गेला, तेव्हा १९२२ मध्ये न्यायालयाने क्लबलाही जबाबदार धरले होते.

म्हणून वस्ती जवळ आली की मैदाने उंच जाळ्या लावतात, टी मागे-पुढे सरकवतात किंवा होलची दिशा बदलतात. कडेची झाडेही जाळीचे काम करतात. खेळाडूला नडणारे झाड शेजाऱ्याला हवे असते, ते यामुळेच.

मैदान गेले तर?

नाशिकमध्ये उत्तर दिसते. तिथले ‘गोल्फ क्लब मैदान’ आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. गोल्फ संपला. क्रिकेटचे सामने होतात आणि सकाळ-संध्याकाळ नागरिक जॉगिंग ट्रॅकवर चालतात. गोल्फ फक्त नावात उरला, पण जागा मोकळी राहिली आणि सर्वांना खुली झाली. प्रत्येक शहरात असेच होईल, याची मात्र खात्री नाही.

मग पुणेकरांनी कशाकडे पाहावे?

‘गोल्फ मैदानाचे दृश्य’ दिसणाऱ्या सदनिकेला जास्त भाव मिळतो. येरवड्यातील दाट वस्तीला मात्र ना ते दृश्य मिळते, ना प्रवेश. तरीही थोडी गार हवा, पावसाचे पाणी मुरण्याची जागा आणि पक्ष्यांचा आसरा हा फायदा कुंपणाबाहेरही पोहोचतो. त्यामुळे ‘श्रीमंतांचा खेळ’ एवढ्यावर चर्चा थांबवणे सोपे असले तरी अपुरे आहे.

अशा कोणत्याही जागेबाबत तीन गोष्टी तपासाव्यात. विकास आराखड्यात तिचा वापर काय दाखवला आहे? वृक्षगणनेत तिथली किती झाडे नोंदली आहेत? आणि कडेने रस्तारुंदी किंवा बांधकाम प्रस्तावित आहे का? मैदान एका दिवसात नाहीसे होत नाही. ते कडेकडेने कमी होत जाते. झाडतोडीच्या प्रस्तावांवर हरकती नोंदवण्याची मुदत मोजकीच असते. ती जाहीर सूचना वेळेत वाचली, तरच हरकतीला अर्थ राहतो.