झाडावर चढणाऱ्याचा दोर कोणीं पुरवावा?

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे पंढरपूर तालुक्यांत चिंचेचे व्यापारी गांवोगांव हिंडूं लागतात. बांधावरचें झाड पाहावयाचें, चिंच किती लागली आहे याचा अदमास घ्यावयाचा आणि झाड उक्तें घेऊन टाकावयाचें, हा क्रम फार जुना आहे. झाड उक्तें गेलें कीं मालकाचा संबंध संपला असें समजण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. व्यापारी चार माणसें आणतो. तीं झाडावर चढतात, फांद्या हालवितात, काठीनें झोडतात, खालीं बाया चिंचा वेंचतात, व दोन दिवसांत झाड मोकळें होतें. या सर्व खटाटोपांत वर जो माणूस उभा आहे त्याच्या अंगास काय बांधलेलें आहे, त्याच्या हातांत काय घातलेलें आहे, आणि त्याच्या पायाखालची साल कोरडी आहे कीं दंवानें भिजलेली आहे, हें पाहणें कोणाचें काम? आमचें म्हणणें असें कीं, ज्याचें झाड त्याचें तें काम आहे. तें व्यापाऱ्यावर ढकलतां येत नाहीं आणि चढणाऱ्यावर तर मुळींच नाहीं.

पंढरपुरास अशी कोठली थंडी, असें कोणी म्हणेल. काश्मीरसारखी थंडी येथें पडत नाहीं हें खरें. परंतु झाडावरून पडण्यास बर्फ लागत नाहीं. पौषांतल्या पहांटे येथील पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. भीमेच्या कांठीं आणि उजनीच्या कालव्यांखालीं जेथें जेथें ऊंस झाला आहे तेथें धुकें व दंव पुष्कळ असतें. माणसाच्या बोटांची कातडी सुमारें १५ अंशांच्या खालीं गार झाली म्हणजे बोटांचें कसब मंदावतें. मूठ वळते, पण ती किती घट्ट वळली आहे हें माणसास नीट उमगत नाहीं. ओल्या सालीस उघडा हात लावला तर तो कोरड्या सालीपेक्षां फार लवकर गारठतो. चिंचेची साल खडबडीत म्हणून लोक तिच्यावर विसंबतात. पण तो खडबडीतपणा बुंध्याचा आहे. वरच्या फांद्या गुळगुळीत असतात, आणि रस्त्याकडेच्या झाडांवर तर ऊंसाच्या गाड्यांनीं उडविलेली धूळ सांचलेली असते. त्या धुळींत दंव मिसळलें कीं फांदीवर चिखलाचा पातळ थर बसतो. अशा फांदीवर अनवाणी पाय ठेवणारा माणूस कितीही वाकबगार असो, त्याचें कसब तेथें निम्मेंच उपयोगी पडतें.

मग लोक इतक्या सकाळीं चढतात कां? याचीं कारणें आम्हीं पुष्कळांस विचारलीं व तीं अगदींच पोकळ नाहींत. ऊंसतोडीचा हंगाम चालूं असतो, मजूर मिळत नाहींत, आणि मिळाले तर त्यांस दुपारीं दुसरीकडे जावयाचें असतें. पुढें माघ शुद्ध एकादशीची वारी तोंडावर येते, तेव्हां त्या आधीं झाडें मोकळीं करण्याची घाई असते. तिसरें कारण आग्या मोहोळाचें. थंडींत माशा गारठलेल्या असतात तोंच काम उरकावें, असें जुने लोक सांगतात. हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. ऊन चढलें कीं त्याच माशा जाग्या होतात, आणि तेव्हां माणूस अर्ध्या झाडावर असतो. मोहोळ असलेलें झाड तें उठेपर्यंत सोडून द्यावें, अथवा मोहोळ काढणाऱ्या जाणत्या माणसाकडून आधीं मोकळें करून घ्यावें. राहिली घाई. तिला उत्तर चिंचच देते. पिकलेल्या चिंचेचें टरफल उन्हानें तापलें म्हणजे ठिसूळ होतें आणि थोड्या हालविण्यानें ती गळते. दंवानें भिजलेली चिंच चिवट राहते, तिला अधिक झोडावें लागतें, आणि ओली पोत्यांत भरली तर गर काळा पडून बाजारांत भाव उतरतो. म्हणजे दहा वाजेपर्यंत थांबण्यांत माणसाचा जीव वांचतो आणि मालाचेंही कांहीं बिघडत नाहीं. मजुरीचे दोन तास वाढले तर ते मालकानें सोसावे.

आतां हातमोजांविषयीं. येथें एक गैरसमज आहे. पुष्कळांस वाटतें कीं हातमोजा जितका जाड तितका बरा. लोंकरीचा विणलेला मोजा ऊब देतो, पण सालीवर सरकतो. सुती मोजा दंवानें भिजला कीं उघड्या हातापेक्षां वाईट. कातड्याचा मोजा कोरडा असतां उत्तम, परंतु भिजून वाळला कीं कडक होतो आणि मूठ वळत नाहीं. हल्लीं लोखंडी सामानाच्या दुकानांत विणलेला, तळहातास रबराचा लेप दिलेला मोजा मिळतो. तो स्वस्त असतो व ओल्या सालीवरही पकड धरतो. मात्र तो हातास घट्ट बसणारा हवा, बोटांच्या टोकाशीं मोकळें कापड राहतां कामा नये. जोड दोन घ्यावे, एक चढण्यास व एक खिशांत कोरडा. चढण्यापूर्वीं शेकोटीवर हात चांगले तापवून घ्यावे आणि दर अर्ध्या तासानें खालीं येऊन पुन्हां शेकावे. विणलेला मोजा शेकोटीच्या फार जवळ नेऊं नये, तो जळतो.

अंगावरच्या कपड्यांसंबंधीं थोडेंच सांगावयाचें आहे. घोंगडी ही आपल्या धनगर बंधूंची मोठी देणगी आहे व लोंकर भिजली तरी ऊब सोडीत नाहीं; पण घोंगडी, चादर किंवा मफलर पांघरून झाडावर जाणें म्हणजे फांदीस अडकण्यासाठीं आपण होऊन फास नेणें होय. तीं बुंध्याशीं ठेवावीं. वर अंगालगत लोंकरी बंडी, तिच्यावर अंगासरशी बाराबंदी किंवा शर्ट, कानांस टोपी आणि टोपीवर हनुवटीखालीं पट्टा असलेलें हेल्मेट असावें. पायांत खाचदार रबरी तळाचे बूट असावे. चामडी तळाच्या वहाणांपेक्षां अनवाणी पाय बरा, परंतु गारठलेला अनवाणी पाय कांहींच जाणत नाहीं.

खरा प्रश्न दोराचा आहे. शिंदी व माड यांवर चढणारांनीं तो केव्हांच सोडविला. बंगालांत खजुरीचा रस थंडीच्या दिवसांतच काढतात. तेथें रस काढणारा ऐन गारठ्यांत पहांटे झाडावर असतो, पण त्याच्या कमरेभोंवतून व खोडाभोंवतून दोर फिरलेला असतो आणि तो दोरावर भार टाकून दोन्ही हात मोकळे ठेवतो. माडाच्या बाबतींत तर नारळ विकास मंडळानें २०११ सालीं केरळांत चढणारांस यंत्रावर चढण्याचें शिक्षण देण्याची योजना काढली व त्याबरोबर विम्याचीही सोय केली. चिंचेचें झाड मात्र फांदाळ. खोडाभोंवतीं दोर फिरवून वर जातां येत नाहीं, म्हणून आपले लोक दोरच नेत नाहींत. पण फांदाळ झाडास दोर वरून बांधतां येतो, किंबहुना तेंच सोपें आहे.

तो असा. वाळूची लहान पुरचुंडी सुतळीस बांधून वरच्या एका भक्कम बेचक्यांतून पलीकडे टाकावी. गोफण फिरविलेल्या माणसास हें शिकवावें लागत नाहीं. बेचकें खोडाजवळचें, जिवंत व मांडीएवढ्या जाड फांदीचें निवडावें. वाळकें, ढोलीचें किंवा वाळवी लागलेलें नको. सुतळीच्या मागें दोर ओढून घ्यावा. नंतर दोन माणसांनीं जमिनीवरूनच दोरास लोंबकळून पाहावें. फांदी करकरली तर ती सोडून दुसरी धरावी. दोराचें एक टोंक चढणाऱ्याच्या पट्ट्यास इंग्रजी आठाच्या आकाराच्या गांठीनें बांधावें. येथें सुरगाठ कदापि नको. दुसरें टोंक शेजारच्या झाडाच्या बुंध्यास दोन-तीन वेढे देऊन खालच्या माणसानें धरावें. मारक्या बैलाचा कासरा खुंट्यास वेढे देऊन एकटा माणूस धरतो, तेंच हें तत्त्व आहे. वरचा जसा चढेल तसा ढील आवळीत जावें, आणि तो पडलाच तर हातभर खालीं येऊन लोंबकळेल, जमिनीवर येणार नाहीं. लोंबकळणाऱ्यास मात्र लागलीच सावकाश खालीं सोडावें. पट्ट्यांत फार वेळ लटकत राहिल्यानें पायांतील रक्त वर परतत नाहीं व तेंही जिवावर बेततें. म्हणून दोर धरणाऱ्या माणसानें चिंचा वेंचण्यास जाऊं नये.

नुसता कमरपट्टा पुरा पडत नाहीं. पडणाऱ्या देहाचा सगळा हिसका कमरेस व बरगड्यांस बसतो. खांद्यांवरून व मांड्यांमधून जाणारा अंगभर पट्टा घ्यावा. बाजारांत त्यास सेफ्टी बेल्ट म्हणतात व त्यावर आय. एस. ३५२१ हा क्रमांक पाहून घ्यावा. पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर जनावरें बांधण्यास ठीक आहे. उन्हानें तो वर्षा-दोन वर्षांत कमजोर होतो व त्याची गांठ सरकते. अंबाडीचा व घायपाताचा दोर भिजून आंतून कुजतो, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. ज्यांनीं मोटा हांकल्या आहेत त्यांस नाडा केव्हां बदलावयाचा हें कोणी सांगत नसे, कारण नाडा तुटला तर मोट विहिरींत जाई. माणसाच्या दोरास तितकी तरी काळजी असावी.

चढण्याची रीत म्हणाल तर दोन हात व दोन पाय या चारांपैकीं तीन नेहमीं झाडास असावे आणि एकच हालवावा. कुऱ्हाड किंवा कोयता कमरेस खोंवूं नये, दोरीनें मागाहून वर ओढून घ्यावा. हें शेळ्यांसाठीं लिंबाचा पाला तोडणारांसही तितकेंच लागू आहे, आणि दुष्काळी वर्षांत तीं कामें चिंचेहूनही अधिक चालतात. विजेच्या तारांजवळचें झाड असेल तर तार बंद करविल्याखेरीज कोणासही वर जाऊं देऊं नये. दंवानें ओला झालेला बांबू विजेस अडवीत नाहीं.

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, म्हणून सातबाऱ्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. राज्य सरकारनें २०२३ सालीं शेतकरी अपघाताची जी सानुग्रह अनुदान योजना चालूं केली तींत उंचावरून पडून झालेला अपघात धरलेला आहे. मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात. परंतु तें अनुदान वहितीधारक खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील एका माणसास आहे. चिंचेवर चढणारा बहुधा भूमिहीन असतो. म्हणजे ज्याचें नांव सातबाऱ्यावर आहे तो खालीं उभा राहून सुरक्षित, आणि ज्याचें कोठेंच नाहीं तो वर उघडा! अशा माणसास प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. १८ ते ७० वर्षांच्या कोणाही बँक खातेदारास ती घेतां येते. २०२२ पासून वर्षाचा हप्ता २० रुपये असून अपघातीं मृत्यूस किंवा पूर्ण अपंगत्वास दोन लाख व अंशतः कायम अपंगत्वास एक लाख रुपये आहेत. विम्याचें वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत धरतात, व हप्ता खात्यांतून परभारें कापला जातो. खात्यांत तेवढे पैसे नसले तर विमा नाहीं. पौषांत झाड देतांना चढणाऱ्याचें बँकेचें पुस्तक पाहून घेणें व हप्ता भरलेला नसल्यास आपण भरणें, यांत मालकाचें काय जातें?

कोणी म्हणेल, दोन झाडांसाठीं एवढें सामान कोण घेणार? चिंचेचें मोठें झाड एका हंगामांत दीड-दोनशे किलो फळ देतें, आणि पट्टा, दोर, हेल्मेट व मोजे यांचा सर्व खर्च त्याच्या उत्पन्नाच्या बाहेर जात नाहीं. तरीही एकट्याच्या दोन झाडांसाठीं तो घेणें जड वाटेल हें आम्ही समजतों. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक संच घेऊन ठेवावा व अवजारें भाड्यानें देतात तसा तो नाममात्र भाड्यानें द्यावा. दोर परत आला कीं सचिवानें तो हाताखालून वीतभर वीतभर पाहून घ्यावा, ओला असेल तर सावलींत वाळवावा, आणि कोठें धागा तुटलेला दिसला तर तो दोर जनावरांस देऊन नवा मागवावा. झाड उक्तें देतांना व्यापाऱ्याशीं जो कागद होतो त्यांत संचाशिवाय कोणी चढणार नाहीं व दहा वाजण्यापूर्वीं चढणार नाहीं, हीं दोन कलमें मालकानें घालावीं. व्यापारी तीं नाकारील तर झाड आठ दिवस उभें राहूं द्यावें. चिंच झाडावर टिकते, आणि माघी झाल्यावर दुसरा व्यापारी येतोच.