भूत परवडलं, घर हवं!

भुताखेतांच्या गोष्टींना आपल्या अंकात जागा कशाला, असं काही मैत्रिणी विचारतील. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांनी तर जरूर विचारावं. तरीही ई. जे. कॉपरमन यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डीड’ (२०१०) या विनोदी रहस्यकथेबद्दल लिहावंसं वाटतं.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव. घटस्फोटित ॲलिसन कर्बी लहानग्या मेलिसाला घेऊन तिथं जुनं घर विकत घेते. पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या म्हणून डागडुजीही स्वतःच करते. एक दिवस डोक्याला मार बसतो आणि घरातली दोन भुतं दिसू लागतात. दोघांचाही खून झालेला. ‘आमचा खुनी शोध’ म्हणून ती हिच्या मागे लागतात.

यातली भुतं मारत नाहीत. मारतात ती जिवंत माणसं. आपल्या गोष्टींत-सिनेमांत एकटी बाई एक तर हडळ ठरते, नाहीतर बिचारी. ॲलिसन दोन्ही नाही. गोष्ट तीच सांगते, आणि हसू येतं ते तिच्या तिखट जिभेमुळे, तिच्या एकटेपणावर नव्हे.

आक्षेप एकच. घर घेण्याइतका पैसा तिच्या हाती होता. आपल्याकडे परित्यक्तेचा पहिला प्रश्न असतो, ‘राहू कुठं?’ २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं निवासाचा हक्क दिला, मालकीचा नाही. घर स्वतःच्या नावावर होणार असेल, तर दोन भुतं सांभाळायला आपल्यातल्या कितीतरी जणी हसत तयार होतील!