औषधांचा हिशेब कोण ठेवणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागातून आजारी बालकांना घेऊन माता-पिता नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागले. आधी साधा ताप-खोकला, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडे निकामी. प्रारंभी साथीच्या रोगाचा संशय आला, पाण्याचे नमुनेही तपासले गेले. कारण निघाले खोकल्याच्या औषधात! तामिळनाडूत बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’च्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. वीसहून अधिक बालके प्राणास मुकली.

महाराष्ट्राला हे विष अपरिचित नव्हते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते. न्या. लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची लक्तरे वेशीवर टांगली. त्यानंतरही परासिया घडले.

भेसळ करणाऱ्यास शासन व्हावेच. परंतु त्याहून खोल प्रश्न वेगळा आहे. एका भागातील अनेक मुले एकाच शहरात आली, म्हणून त्यांच्या आजारातील साम्य डोळ्यांत भरले. तीच मुले दहा गावांतून दहा दवाखान्यांत विखुरली असती तर? डॉक्टर एक रुग्ण पाहतो. औषधाचा दोष दिसतो तो समुदायात. किती जणांनी औषध घेतले, किती आजारी पडले, न घेणाऱ्यांत तोच आजार किती, हे तीन आकडे शेजारी मांडल्याविना निदान होत नाही. विषबाधा निदान लवकर उघड होते. मंद अपाय वर्षानुवर्षे लपून राहतो. सांधेदुखीवरील ‘व्हायॉक्स’ १९९९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले आणि हृदयविकाराचा धोका सिद्ध झाल्यावर २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. हृदयविकार एरवीही होतोच, मग एखाद्या डॉक्टरला गोळीचा संशय यावा कसा?

आता आपल्या मौद्याकडे पाहू. हा धानाचा तालुका. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून कंबर धरली की मजूर स्त्री दुकानातून वेदनाशामक गोळी घेते. चिठ्ठी नाही, नोंद नाही. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. उद्या तालुक्यात मूत्रपिंडाचे विकार वाढले, तर दोष कशाला द्यायचा? पाण्याला, उन्हातल्या कष्टाला, फवारणीला, औष्णिक वीजकेंद्राच्या राखेला की त्या गोळीला? आरोप करणारे पुष्कळ भेटतील. पण रुग्णाचा एक कागद मौद्यात, दुसरा भंडाऱ्यात आणि तिसरा नागपुरात असेल, तर उत्तर कोणालाच देता येणार नाही.

व्यवस्था अगदीच नाही असे नव्हे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य नागरिकही तक्रार कळवू शकतो. मात्र आलेल्या तक्रारी मोजून भागत नाही; औषध घेऊनही धडधाकट राहिलेल्यांची गणती नसेल, तर धोक्याचे प्रमाण निघत नाही. त्यासाठी एखादा तालुका निवडून, लोकांच्या संमतीने व त्यांची नावे गुप्त ठेवून, आजार आणि औषधे यांची सलग नोंद काही वर्षे ठेवावी लागेल. नागपुरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, ‘एम्स’ आहे. मौदा त्यांच्यापासून दूर नाही.

आणि ही नोंद आयुर्वेदीय औषधांचीही व्हावी. आपले शास्त्र म्हणून त्यास सूट मागणे हा त्या शास्त्रावरचा अविश्वास ठरेल.

तोवर आरोग्यसेवेत रमणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. वस्तीत भेटीला जाताना घरातील औषधे पाहावीत. गोळीची पट्टी वा बाटली रुग्ण बरा होईपर्यंत फेकू नये, हे गृहिणींना सांगावे. त्यावर उत्पादन-गटाचा क्रमांक असतो, आणि शोध तिथूनच सुरू होतो.