दीर्घायुष्याचा वारसा
२०२१ साली १०५ व्या वर्षी निधन पावलेल्या चंडीगडच्या मान कौर यांनी पुत्र गुरदेव सिंग यांच्या आग्रहावरून ९३ व्या वर्षी धावण्यास आरंभ केला. २०१७ साली ऑकलंड येथे शंभरीपुढील गटात त्यांनी शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळविले. ही रक्ताचीच देणगी, असे आपण सहज म्हणतो. परंतु १९९६ सालच्या डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतील सुमारे चतुर्थांश फरकच आनुवंशिक ठरला. भारतीयांचे सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारास ३२ वर्षे होते. २०१६-२० मध्ये ते ७० झाले. इतक्या अल्पावधीत रक्त बदलत नाही; बदलले ते पाणी, अन्न, लसी आणि बाळंतपणाची काळजी. पूर्वजांची निवड आपल्या हाती नाही; घरातील वृद्धांना सोबत घेऊन फिरावयास जाणे मात्र खचित आहे.